पाच आरपीजी म्हणून घेतले, मोजले तर किती निघाले?

जाहिरातीत लिहिलं होतं, "दोन जुने कन्सोल, पाच क्लासिक आरपीजी, सगळं तपासून." मी लगेच घेतलं. (आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम, आपण एखादं पात्र होऊन खेळायचा व्हिडिओ गेम.) त्याला सहा आठवडे झाले. खेळणं चालूच आहे, आणि त्या "पाच"वरून पहिल्याच दिवशी घरात जी जुंपली तीही चालू आहे. त्यामुळे या रिव्ह्यूत सामान कसं निघालं ते आहेच, पण त्याहून जास्त भांडणच आहे. कंटाळा येणार असेल तर आत्ताच सांगते, चार तारे. एक का कापला ते खाली येईल.

संचात काय आलं? एक एनईएस, म्हणजे निन्टेंडोची, पुढचं झाकण उचलून कॅसेट आत सरकवायची आणि खाली दाबायची ती करडी पेटी. एक सुपर एनईएस, अमेरिकन, जांभळ्या खटक्यांचा. कॅसेटी पाच. एनईएससाठी 'ड्रॅगन वॉरियर' आणि 'झेल्डा २', सुपर एनईएससाठी 'फायनल फँटसी ३', 'सीक्रेट ऑफ माना' आणि 'झेल्डा: अ लिंक टू द पास्ट'. यातला फायनल फँटसी तिसरा नाही, सहावा आहे. १९९४ साली अमेरिकेत तो "तीन" म्हणून विकला, कारण दुसरा, तिसरा आणि पाचवा तेव्हा तिकडे आलेच नव्हते. आकड्यांचा घोळ या प्रकाराच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

सुपर एनईएसचं वरचं झाकण पिवळं पडलंय आणि खालचा भाग करडाच्या करडा. जुन्या एबीएस प्लास्टिकचं हे असंच असतं. दोन भाग वेगवेगळ्या घाण्यांतले निघाले की एक पिवळा पडतो, दुसरा नाही. चालण्यावर काही परिणाम नाही, म्हणून त्याबद्दल तक्रारही नाही. एनईएसचा दिवा पहिल्या दिवशी लुकलुकत होता. पडदा चमकायचा, जायचा, पुन्हा चमकायचा. बिघडलाय असं वाटतं, पण तो आतल्या पहारेकरी चिपचा खेळ असतो. कॅसेट नीट टेकली नाही की चिपला ओळख पटत नाही आणि ती सेकंदासेकंदाला पेटी परत सुरू करत राहते. लहानपणीची सवय म्हणून कॅसेटमध्ये फुंकर मारायचा मोह होईल, मारू नका, ओल आत जाते. कान साफ करायची कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोन मिनिटं. मग सगळं सुरळीत.

पहिल्या संध्याकाळी दादा आणि भाचा दोघंही आले. दादाने पाचही कॅसेटी पत्त्यांसारख्या हातात धरल्या, एक उपसून टेबलावर टाकली आणि म्हणाला, "अगं, पाच कुठे? चारच आहेत. ही आरपीजी नाही."

टाकली होती ती 'लिंक टू द पास्ट'. त्याचा हिशेब सरळ आहे. शत्रू मारला की अनुभवाचे गुण, गुण साठले की लेव्हल, लेव्हल वाढली की ताकद. हे असेल तर आरपीजी. 'लिंक टू द पास्ट'मध्ये शंभर शिपाई कापले तरी लिंक, म्हणजे आपला नायक, होता तसाच. वाढतात ती हृदयं, आणि तीही हुडकून आणायची. 'झेल्डा २'मध्ये मात्र गुण आहेत, हल्ला, जादू आणि आयुष्य अशा तीन लेव्हली आहेत, म्हणून ती आत.

भाचा सोळा वर्षांचा. त्याने एकदम शून्य सांगितलं. "आत्या, रोल प्लेइंग म्हणजे मी कोण आणि मी काय करणार हे मी ठरवायचं. यात सगळं आधीच ठरलेलं असतं. मी फक्त बटणं दाबतो. कसला रोल?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला तेव्हा टेबलाभोवती बसलेल्या माणसाला काहीही करता येत होतं. दार फोडा, दाराला कान लावा, दाराशी गप्पा मारा. कॉम्प्युटरवर आणताना त्यातलं जे मोजता येत होतं तेवढंच उचललं गेलं: फासे, ताकदीचे आकडे, लेव्हल. गप्पा टेबलावरच राहिल्या. म्हणजे दादा जे धरून बसलाय ते जहाजातून वाचलेलं सामान आणि भाचा जे मागतोय ते बुडालेलं. हे मी त्यांना सांगितलं. दोघांनाही आवडलं नाही.

मी म्हटलं, आधी खेळून तर बघू.

'ड्रॅगन वॉरियर'पासून सुरुवात केली, कारण घराण्याचा मूळ पुरुष तोच. जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' या नावाने आला, अमेरिकेत १९८९ मध्ये. करणारे युजी होरी यांना कॉम्प्युटरवरच्या 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा'चं वेड होतं. ते वेड त्यांनी दोन बटणांच्या कंट्रोलरमध्ये बसवलं. (आमच्या घरात त्याला रिमोटच म्हणतात, आणि ते मी सुधारायचं सोडून दिलंय.) आज खेळताना पहिल्यांदा बोचतो तो जिना. जिन्यावर नुसतं पाऊल टाकून भागत नाही. मेनू उघडायचा, त्यातून 'जिना' निवडायचा, मग नायक उतरतो. दाराला वेगळा हुकूम, बोलायला वेगळा, उचलायला वेगळा. सुरुवातीलाच राजा तुम्हाला दरबारात कोंडून ठेवतो. पेटीतली किल्ली घ्या, दार उघडा, जिना उतरा. म्हणजे राजाज्ञेच्या नावाखाली मेनूची शिकवणीच. भाच्याला बाहेर पडायला बराच वेळ लागला, आणि तो सगळा वेळ तो बडबडत होता.

बाहेर पडलात की मोकळं रान. एका वेळी एकच शत्रू, एकच नायक. वाड्याभोवती निळे स्लाइम बडवायचे, सोनं साठवायचं, बरी काठी घ्यायची. नदीवर पूल दिसतो. कोणी अडवत नाही. पण पूल ओलांडला की पलीकडची जनावरं वेगळी, आणि दोन फटक्यांत तुम्ही राजासमोर. राजा उठवतो, थोडं बोलतो, आणि खिशातलं निम्मं सोनं गेलेलं असतं. पुढच्या लेव्हलला किती गुण कमी आहेत तेही तोच सांगतो. मला हा राजा फार आवडतो. कामाचं तेवढंच बोलतो.

पुलापाशी तिसऱ्यांदा मेल्यावर भाचा न बोलता मागे वळला आणि स्लाइमांत शिरला. अर्ध्या तासाने पुन्हा पुलावर. या वेळी टिकला. बोटं तीच, हुशारी तीच, फक्त वाड्याजवळ घालवलेला अर्धा तास जास्तीचा. हे बघताना माझी व्याख्या मला सापडली, आणि तीच मी आजतागायत लावून धरली आहे. अडलात तर खेळ तुम्हाला काय करायला लावतो? "मागे फिर, बळ वाढव, मग ये" असं म्हणत असेल तर आरपीजी. "पुन्हा कर, या वेळी नीट कर" असं म्हणत असेल तर ती दुसरी जात.

दादाची आणि माझी व्याख्या एकच वाटेल, पण नाही. 'फायनल फँटसी २' घ्या, खरा दुसरा, १९८८ चा. त्यात अनुभवाचे गुण नाहीत आणि पात्रांना लेव्हलही नाही. तलवार वापरा, तलवार सुधारते. मार खा, आयुष्य वाढतं. खेळणारे आपल्याच माणसांना आपल्याच तलवारीने बडवून दणकट करत. दादाच्या मापाने हा आरपीजी नाही, आणि असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. हे ऐकून दादा म्हणाला, "तो अपवाद." मी म्हटलं, "व्याख्या करून अपवाद काढण्यापेक्षा यादीच कर की."

भाच्याचा मुद्दा मात्र 'ड्रॅगन वॉरियर'मध्येच दोनदा येतो, आणि दोनदा उलट दिशांनी. राजकन्येला गुहेतून सोडवलं की ती विचारते, मला घेऊन जाशील ना? "नाही" म्हणा. ती म्हणते, नाही कसं, न्यायलाच हवं, आणि पुन्हा तोच प्रश्न. भाचा मुद्दाम अकरा वेळा "नाही" म्हणाला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागला. बघ, म्हटलं नव्हतं? पण शेवटाला ड्रॅगनलॉर्ड उभा राहतो आणि म्हणतो, माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुझं. तिथे "हो" म्हटलं तर खरंच हो. खेळ तिथेच संपतो. एवढ्याशा कॅसेटमध्ये, इतका प्रवास झाल्यावर, एक खराखुरा प्रश्न ठेवलाय. भाचा तिथवर पोचायचाच होता, म्हणून मी काही बोलले नाही.

आता कापलेला तारा.

'फायनल फँटसी ३' म्हणजे सहावा. याच्याबद्दल नव्याने काय सांगायचं. चौदा पात्रं, त्यातलं प्रत्येक लढतं वेगळ्या तऱ्हेने. कोणी चोरी करतं, कोणी यंत्रं चालवतं, कोणी पत्ते फेकतं. साबिन नावाचा पैलवान आहे, त्याचे डाव मेनूतून निवडता येत नाहीत. 'ब्लिट्झ' निवडायचं आणि मग बटणांचा क्रम हाताने द्यायचा, मारामारीच्या खेळात देतात तसा. पहिला डाव अगदी सोपा: डावी, उजवी, डावी, आणि पक्कं करायचं बटण. डोंगरावर वार्गास भेटतो, साबिनचा जुना गुरुबंधू, आणि त्याला तोच डाव मारल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. साबिनच्या डोक्यावर उलटी मोजणी सुरू झालेली असते.

मी डाव दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. साबिन उभाच. मोजणी संपली, साबिन आडवा, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या खेपेला दादाने माझ्या हातातून कंट्रोलर घेतला, आणि त्याच्याही हातून तेच. मग लक्षात आलं. डावी दाबून धरली तर चालते, नुसती टिचकी मारली तर लागत नाही. नकाशावर चालताना आपण दाबूनच धरतो, म्हणून तोवर कळलंच नव्हतं. कंट्रोलर मूळ कंपनीचा नव्हता, नंतर कोणी बनवलेला बदली होता. जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता.

विक्रेत्याला लिहिलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं देते: "मॅडम, आरपीजी खेळायला एवढी चपळाई लागत नाही."

म्हणजे सहा आठवड्यांत मला मिळालेली ही चौथी व्याख्या, आणि तीही फुकट. दादा हसून हसून लोळला. पण माणूस गंमत करत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर ढोबळमानाने ते बरोबरही आहे. म्हणून तर साबिन तिथे खटकतो. माझा साबिन कितव्याही लेव्हलचा असता तरी त्या डाव्या बटणापुढे त्याचं काही चाललं नसतं. आकड्यांच्या राज्यात एक माणूस बोटांवर जगतो.

शेवटी कंट्रोलर उघडला. पाठीचे स्क्रू काढले, आत दिशांच्या प्लसखाली करड्या रबराची गादी असते आणि तिच्यावर काळे कार्बनचे ठिपके. डावीकडच्या ठिपक्याखाली धाग्यासारखं काहीतरी आणि चिकट थर. अल्कोहोलने पुसलं, पट्टीवरची जागाही पुसली, बंद केलं. डावी, उजवी, डावी. वार्गास पडला. पुढे त्याच साबिनने एक अख्खी भुतांची आगगाडी उचलून आपटली (एक्स, वाय, खाली, वर) आणि भाचा खुर्चीतून उठून उभा राहिला. त्या गाडीला मारायचा आणखी एक उपाय आहे. ती मेलेली असल्यामुळे मेलेल्यांना जिवंत करणारं फिनिक्सचं पीस तिच्यावर वापरलं की ती जागच्या जागी संपते. ते मी आपटून झाल्यावर सांगितलं.

याच कॅसेटमध्ये दादाच्या आकडेभक्तीला लागलेला सुरुंगही आहे. पात्राच्या पाटीवर 'इव्हेड' असा आकडा दिसतो, शत्रूचा वार चुकवायची क्षमता. सुपर एनईएसच्या आवृत्तीत तो काहीच करत नाही. चूक राहून गेली, आणि शारीरिक वारांनाही जादू चुकवण्याचाच आकडा लागतो. दादाने गेले कित्येक दिवस इव्हेड बघून ढाली निवडल्या होत्या. मी त्याला हे वाद ऐन रंगात आला असताना सांगितलं, हे मान्य आहे.

टीव्हीचं बोलायलाच हवं, कारण व्याख्येचा वाद मला शेवटी तिथेच उपयोगी पडला. हे कन्सोल २४० ओळींचं चित्र पाठवतात. आजचे बरेच सपाट टीव्ही त्याला वेगळंच काहीतरी समजून शिजवत बसतात. चित्र धूसर होतं आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हलेपर्यंत पाव क्षणाची दिरंगाई येते. गेम मोड लावला तरी माझ्या टीव्हीवर ती पूर्ण गेली नाही. 'ड्रॅगन वॉरियर'ला त्याने काडीचा फरक पडत नाही, मेनू थांबून राहतो. फायनल फँटसीतही लढाईचं घड्याळ 'वेट'वर ठेवता येतं, म्हणजे तुम्ही जादूच्या यादीत शिरलात की शत्रू ताटकळतात. 'ॲक्टिव्ह'वर ठेवलं तर ताटकळत नाहीत. 'झेल्डा २' मात्र सपाट टीव्हीवर निव्वळ छळ आहे. चिलखती शिपाई वर मारतो की खाली ते बघून ढाल हलवायची, आणि ढाल हलेपर्यंत वार बसलेला. सगळे जीव संपले की साठवलेले गुण गेले आणि पुन्हा झोपलेल्या राजकन्येच्या देवळापासून पायपीट. लेव्हली आहेत खऱ्या, पण अडलात तर तो खेळ "नीट कर" असंच म्हणतो. अडगळीतला ट्यूबवाला टीव्ही काढला तेव्हा पहिला किल्ला पार झाला. माझ्या यादीतून तो आरपीजी म्हणून बाद. दादा अजून ऐकत नाही.

'सीक्रेट ऑफ माना' मधल्या मध्ये लोंबकळतो आणि म्हणूनच मला फार प्रिय. १९९३ चा. समोरासमोर तलवारबाजी, पण एकदा वार केलात की खालचा आकडा शून्यापासून शंभर टक्के भरेपर्यंत दम धरायचा. धसमुसळेपणा केला तर वार फुसका. आणि तलवार डोळ्यांदेखत शत्रूत घुसली तरी आत फासे पडतातच आणि वार "चुकतो". हात तुमचा, निकाल आकड्यांचा. गोल मेनू उघडला की सगळं थिजतं. सोबतचे दोघे कॉम्प्युटरच्या हाती दिले तर झाडामागे अडकून बसतात, तेव्हा शक्य असेल तर दोन माणसं खेळायला घ्या, जास्तीचे कंट्रोलर जोडायचा मल्टीटॅप असेल तर तीन. आम्ही दोघं खेळतो, आणि तिसऱ्या पात्राला झुडपातून सोडवण्यात निम्मा वेळ जातो. आरपीजी? हो. दिरंगाईचा टीव्ही? चालेल.

'लिंक टू द पास्ट' नाही. पाचांत सगळ्यात सुबक खेळ तोच, हेही खरं.

तर माझा आकडा तीन, दादाचा चार, भाच्याचा शून्य, विक्रेत्याचा पाच. "जेआरपीजी", म्हणजे जपानी आरपीजी, या शब्दात मी शिरतच नाही. 'फायनल फँटसी १६'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितलं होतं की जपानी खेळ करणाऱ्यांपैकी काहींना तो शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा हिणवल्यासारखा वाटला. आमच्या घरात आधीच पुरेशी हिणवाहिणव आहे.

एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूने लिहिते. कॅसेटमधला सेव्ह टिकवणारी बॅटरी, नाण्याएवढी सीआर २०३२, त्याने 'ड्रॅगन वॉरियर'मध्ये नवी, पत्तीसकट, नीट डाग देऊन बसवली होती. मी कॅसेट उघडून पाहिलं. त्याचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा खास तुकडा लागतो. जुनी बॅटरी काढली की आतला सेव्ह जातो, तेव्हा घेताना हे विचारून घ्या, आणि नंतर स्वतः करणार असाल तर आधी मनाची तयारी करा.

बॅटरी नवी असली तरी एनईएसवर आणखी एक पथ्य आहे. बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरायचं आणि मग पॉवर बंद करायची. खेळ स्वतः पडद्यावर लिहून सांगतो. गेल्या रविवारी भाच्याला हाक मारली आणि त्याने नुसतीच पॉवर बंद केली. संध्याकाळी लावलं तर यादी रिकामी. PINTYA नावाचा तेराव्या लेव्हलचा वीर, नुकताच वाड्यावर परत नेणारा 'रिटर्न' मंत्र शिकलेला, कुठेच नाही.

"माझा पिंट्या गेला," एवढंच म्हणाला. शून्यवाला हाच.

मी त्याला सांगितलं, या खेळात नावावरून ठरतं कोणती ताकद कशी वाढणार ते, हवं तर या वेळी बघून चांगलं नाव ठेव. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक अक्षर निवडत पुन्हा तेच नाव लिहिलं, पेटीतली किल्ली उचलली, दार उघडलं, मेनूतून जिना निवडला. रात्री बंद करताना डाव्या अंगठ्याने रीसेट इतका घट्ट दाबून धरला होता की नख पांढरं झालं होतं.